दुसरी पार्टी

१० जानेवारी, शनिवार

जागा मिळाली! आधी हे लिहून टाकते. उद्या सकाळी उठल्यावर स्वप्नच होतं की काय, असं वाटायला नको.

दादा गेला तेव्हाच ठाऊक होतं की त्याच्या नोकरीबरोबर मिळालेलं घर सोडावं लागणार. तरी आम्ही दोघी, म्हणजे मी आणि त्याची बायको, माझी वहिनी, आज बघू उद्या बघू करत राहिलो. मग शेवटची नोटीस आली आणि पायाला भिंगरी लागली. दोन प्रौढ बायका, एक विधवा नि एक बिनलग्नाची, असं सांगितलं की घरमालकांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, "नणंद-भावजय? म्हणजे रोजची भांडणं. शेजाऱ्यांना त्रास." वहिनी म्हणाल्या, "आमचं भांडण तुम्हाला ऐकू येणार नाही हो. वन्सं अबोला धरतात." ती जागा अर्थातच मिळाली नाही.

आजची जागा ऑफिसांच्या भागात आहे, मी कामाला जाते त्या दुकानापासून चालत जाण्याइतकी जवळ. एजंटने सकाळी दहाला बोलावलं होतं. आम्ही पोचलो तर आत आधीच एक जोडपं भिंती ठोकून बघत होतं. ही त्याची पद्धतच आहे म्हणे. एका जागेसाठी दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी बोलवायची, म्हणजे दोन्हीकडे धांदल उडते. "घाई करा ताई, दुसरी पार्टी आत्ता हो म्हणतेय," असं तो माझ्या कानाशी पुटपुटला, आणि त्या जोडप्याला माझ्याकडे बोट दाखवून हेच म्हणाला असणार. मी त्याचं नाव घाईमास्तर ठेवलं आहे.

मी नळ सोडून बघत होते, कड्या लावून बघत होते. आणि वहिनींनी काय करावं? खिडकीला बसता येईल असा रुंद कट्टा आहे, त्यावर बसल्या, पिशवीतून लोकर नि सुया काढल्या आणि विणायला लागल्या. जन्मभर तिथेच बसत आल्यासारख्या. त्या जोडप्यातल्या बाईने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने घाईमास्तरकडे, आणि थोड्या वेळाने दोघं जिना उतरून गेली.

"जागा आवडली का वहिनी?" मी विचारलं.

"जागेचं नंतर बघू. खिडकी आवडली."

अकरा महिन्यांचा करार झाला. पुढचं पुढे. आज छातीवरचा दगड उतरला, एवढं खरं.

१९ जानेवारी, सोमवार

सामान लागलं. सामान तरी काय, दोघींच्या दोन खाटा, भांडी, आणि दादाची हातांची खुर्ची. ती कुठे ठेवायची यावर आमची बरीच चर्चा झाली आणि शेवटी ती दाराजवळ राहिली. तिच्यात मी बसत नाही, वहिनीही बसत नाहीत.

या डायरीबद्दल लिहायचं राहिलं. आमच्या दुकानात दारावरच्या पाट्या आणि रबरी शिक्के बनतात. अक्षरं नीट बसली की नाहीत हे बघणं माझं काम. वर्षअखेरीला डायऱ्यांवर नावंही छापून देतो. ही ज्या कंपनीसाठी छापली ती कंपनी डायऱ्या न्यायला यायच्या आधीच गाशा गुंडाळून गेली. मालक म्हणाले, घेऊन जा. तेव्हा मुखपृष्ठावर एका बुडालेल्या कंपनीचं सोनेरी नाव आहे आणि आत आमच्या दोघींचा संसार.

इमारतीत राहणाऱ्या अशा आम्हीच. तळाला प्रवासाची तिकिटं काढून देणारे, पहिल्या मजल्यावर हिशेबनीस, दुसऱ्यावर दातांचा दवाखाना, तिसऱ्यावर आम्ही. नऊ वाजले की जिन्यात बुटांचा जो काय धडधडाट सुरू होतो! लिफ्टची घंटा, फोन, कुणाच्या तरी हातून फाइल पडते, कुणीतरी कुणाला तरी ओरडतं. मी म्हटलं, "वहिनी, इथे तुम्हाला झोप लागणार नाही दुपारची." त्या खिडकीतून खाली वाकून बघत होत्या. "झोपायचंय कुणाला?" म्हणाल्या.

१ फेब्रुवारी, रविवार

आज रस्त्यावर चिटपाखरू नाही. आठवडाभर माणसांना माणसं धडकतात, आणि शनिवारी दुपारी कुणीतरी बूच काढल्यासारखा सगळा भाग रिकामा होतो. भाजीला जायचं तर दोन चौक ओलांडावे लागतात. खाली पहारेकरी आणि कबुतरं.

वहिनी दुपारी एकदम रडल्या. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कधीच सुचत नाही. मी चहा केला. त्यांनी तो घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या दादांना हे आवडलं असतं. एवढी शांतता." मी म्हटलं, दादाला गर्दी आवडायची. मग दादाला नक्की काय आवडायचं यावर आमचा वाद झाला. वादात त्यांचं रडू थांबलं, तेव्हा मी हरले तरी हरकत नाही.

१२ मार्च, गुरुवार

दाताच्या दवाखान्याने उच्छाद मांडला आहे. पत्ता सांगणारे तळमजल्याला पहिला धरून 'तिसरा मजला' सांगतात की काय कोण जाणे, पण गालाला रुमाल लावलेली माणसं सारखी आमची घंटा वाजवतात. मी दार उघडलं तर "खाली" म्हणून दार लावते. वहिनी काय करतात ते आज कळलं, कारण मी जेवायला घरी आले होते. एक गृहस्थ दादाच्या खुर्चीत बसले होते! हातात पाण्याचा पेला, आणि वहिनी त्यांना विचारत होत्या की दाढ वरची की खालची.

ते गेल्यावर मी म्हटलं, "दादाच्या खुर्चीत?"

"दुखणाऱ्या माणसाला उभं ठेवायचं का? आणि खुर्ची बसण्यासाठीच असते, वन्सं."

मी अबोला धरणार होते, पण मुद्दा बिनतोड होता.

दुकानातून उरलेल्या पितळी पत्र्याची एक पाटी करून आणली. 'दातांचा दवाखाना खालच्या मजल्यावर'. शेजारी बाण. मालकांनी विचारलं, स्वतःच्या नावाची पाटी नाही केली? मी म्हटलं, अकरा महिन्यांच्या जागेला नावाची पाटी कोण लावतं?

४ जून, गुरुवार

बरेच दिवस लिहिलं नाही, म्हणजे बरं चाललं आहे. पाटी लावूनही घंटा वाजतेच. एका बाईने तर पाटी वाचली, बाण बघितला आणि घंटा वाजवून वहिनींना विचारलं, "हे खरंय का?" वहिनींना आता अर्धा रस्ता ओळखतो. फुलवाली, चाव्या बनवणारा, हिशेबनिसांकडची टायपिस्ट. मी इतकी वर्षं या भागात कामाला येते, मला दोन माणसं ओळखतात, त्यातले एक मालक.

२० ऑगस्ट, गुरुवार

मालकांनी आज आत बोलावलं. डोंगरातल्या थंड गावात ते नवी शाखा काढताहेत. ती मी सांभाळावी, वर राहायला स्वतंत्र घर आहे, बाग आहे. माझ्यावर एवढा विश्वास आहे हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मला डोंगर आवडत नाहीत. संध्याकाळी पाचला अंधार आणि शेजारी देवदाराची झाडं. तिथे कुणाच्या दाढा दुखणार? हे काही मालकांना कारण म्हणून सांगता येत नाही. ज्या माणसाने आपल्याला एवढं वर बसवलं त्याला 'नको वाटतं' म्हणायचं कसं? जीभ रेटेना. मग म्हणून टाकलं, "वहिनींना एकटं कसं टाकू?" ते लगेच गप्प झाले. विधवा वहिनी हे कारणच असं आहे की त्यापुढे सभ्य माणूस बोलत नाही.

घरी हे सांगितलं नाही. उगाच त्यांना वाटायचं की माझ्यामुळे.

९ सप्टेंबर, बुधवार

डबा घरी विसरले. वहिनी दुकानात घेऊन आल्या आणि रीतीप्रमाणे मालकांशी गप्पा मारत बसल्या. मी आत पाट्या तपासत होते. संध्याकाळी घरी आले तर बाई गप्प. विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय. भाच्याचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन येऊन गेला असणार. त्याच्याशी बोललं की त्यांचं असं होतं. आईचं काळीज, दुसरं काय.

जेवताना मध्येच म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला थंडी सोसते का हो?"

"सोसते की. का?"

"सहज."

१२ सप्टेंबर, शनिवार

भाच्याचा फोन मलाच आला. तो दूरच्या शहरात असतो, तो आणि सूनबाई दोघंही दिवसभर कामावर. म्हणाला, "आत्या, आईसाठी खोली तयार करून ठेवलीय. रंगसुद्धा दिला. पण ती येतच नाही. म्हणते, वन्सं एकट्या पडतील. तू तरी तिला समजाव ना."

फोन ठेवला आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. म्हणजे मी आडवी येते आहे. सख्खा मुलगा बोलावतो आहे, खोलीला रंग दिला आहे, आणि ही बाई नणंदेपायी इथे दुसऱ्यांच्या दाढा सांभाळत बसली आहे! मी त्यांच्या गळ्यातली धोंड झाले आहे हे मला कळलं कसं नाही? त्या दिवशी गप्प होत्या त्या म्हणूनच.

समजावून काही होणार नाही. त्या हट्टी आहेत. मी "जा" म्हटलं तर त्या आणखी घट्ट बसतील. काहीतरी करून दाखवायला हवं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. डिसेंबरात करार संपतो. त्याआधी याच भागात माझ्यापुरती एक खोली घ्यायची, किल्ली हातात आली की मगच वहिनींना सांगायचं, "माझी सोय झाली, आता तुम्ही खुशाल मुलाकडे जा." मग त्यांना बोलायला जागाच उरणार नाही.

दुपारी घाईमास्तरकडे गेले. म्हटलं, "एकटीसाठी एक खोली हवी. इथेच जवळपास. आणि वहिनींच्या कानावर अक्षर जाता कामा नये. शपथ घ्या."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या डोक्यावर कबुतर बसलंय की काय असं वाटलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही, काही नाही. पाणी चुकीच्या नळीत गेलं." त्याच्या समोर पाणी नव्हतं. "घेतली शपथ. सगळ्यांचीच शपथ घेतो मी. एक खोली रिकामी होतेय पुढच्या महिन्यात, मागच्या गल्लीत, बॅगांच्या दुकानावर. पण सांगून ठेवतो, दुसरी पार्टी आहे हां."

"तुमची दुसरी पार्टी कायमच असते," मी म्हटलं.

"या वेळी खरीच आहे," तो म्हणाला आणि पुन्हा त्याला ठसका लागला. माणसाने तपासून घ्यायला हवं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

वहिनी मोठं काहीतरी विणताहेत. राखाडी लोकर, जाड, उबदार. शाल असावी. मी शेजारी बसले की पिशवीत कोंबतात. भाच्यासाठी असणार, म्हणजे जायची तयारी मनातून सुरू झाली. भाच्याच्या शहरात बारा महिने घामाच्या धारा लागतात, तिथे लोकरीची शाल घेऊन तो काय करणार कोण जाणे. पण आईची माया हवामान बघत नाही.

मला आनंद व्हायला हवा. झाला नाही. दुपारभर उगाच ड्रॉवर आवरत बसले.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

घरमालकांनी विचारलं, करार पुढे वाढवायचा ना? मी वहिनींकडे बघितलं, वहिनी माझ्याकडे. "बघू," मी म्हटलं. "बघू," वहिनीही म्हणाल्या. ते गेल्यावर दोघींनी त्या विषयाला हात लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी वहिनी भांडी दोन ढिगांत लावत होत्या. मोठी पातेली एकीकडे, छोटी दुसरीकडे. "ही मोठी तुम्हाला राहू देत," म्हणाल्या, "मला एवढी काय करायचीत?" मुलाच्या घरी भांडी असणारच, तेव्हा बरोबर आहे. पण मला एकटीला तरी मोठी पातेली कशाला? विचारलं असतं तर रडले असते, आणि मला रडता येत नाही नीट. नाक लाल होतं फक्त.

इतकी वर्षं एका घरात राहिलो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होते आणि ठरवलं होतं की यांच्याशी बोलायचंच नाही. पहिल्याच आठवड्यात माझा अबोला त्यांनी कसा मोडला ते आठवत नाही. काहीतरी खायला केलं होतं बहुतेक.

आम्ही अजून एकमेकींना अहो-जाहो करतो. दादा चिडवायचा, दोघी बँकेत भेटल्यासारख्या बोलता म्हणून.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

घाईमास्तरचा निरोप आला. उद्या दहाला, बॅगांच्या दुकानावरची खोली. वहिनींना सांगितलं की दुकानात जादा काम आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं, मलाही फुलवालीकडे जायचंय. शनिवारी फुलवाली बसत नाही. पण मी कशाला बोलू? मी स्वतः थाप मारली होती.

१४ नोव्हेंबर, शनिवार

हसू की रडू ते माझं मलाच कळत नाही. क्रमाने लिहिते.

मागच्या गल्लीत पोचले. जिना अरुंद. वर दार उघडं आणि दाराबाहेर घाईमास्तर भिंतीला टेकून उभा. आयुष्यात पहिल्यांदा तो "घाई करा" म्हणाला नाही. "दुसरी पार्टी आत आहे," एवढंच म्हणाला, अगदी गरीब चेहऱ्याने.

मी आत पाऊल टाकलं. खोली रिकामी, भिंतीला ओल, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक बाई पाठमोरी बसून विणत होती. राखाडी लोकर.

"वहिनी?"

त्यांच्या हातातून सुई पडली. ती टणटण करत माझ्या पायापर्यंत आली.

"तुम्ही इथे कशा?" त्या म्हणाल्या.

"मी जागा बघायला आले. तुम्ही?"

"मीही."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी कशाला? मुलाने तिकडे खोलीला रंग देऊन ठेवलाय ना?"

"आणि मालकांनी तुमच्यासाठी डोंगरात घर ठेवलंय ना, बागेसकट?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. डबा द्यायला आले होते तेव्हा. म्हणाले, तुमच्या नणंदबाईंनी एवढी मोठी संधी सोडली, तुम्हाला एकटं कसं टाकायचं म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, वन्सं. तुमचा भाऊ गेला, घर गेलं, आणि आता माझ्यापायी तुमची बढतीही जायची? म्हणून ठरवलं, आपली आपण एक खोली बघायची. किल्ली हातात घेऊन तुमच्यापुढे उभं राहायचं, म्हणजे तुम्ही मोकळ्या."

माझंच वाक्य माझ्याच वहिनींच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

"आणि ती शाल?" मी विचारलं.

"तुमची. तिकडच्या थंडीसाठी. मग कुणाला? माझा मुलगा पंख्याखाली बसून घाम पुसतो!"

मी खाली बसले, तिथेच जमिनीवर. म्हटलं, "वहिनी, मी ही खोली बघत होते ती तुम्हाला मुलाकडे जाता यावं म्हणून. तो म्हणाला की माझ्यामुळे तुम्ही अडून बसल्यात."

वहिनी खाली बघायला लागल्या. बोटाला लोकर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाल्या, "मला जायचंच नाहीये. दिवसभर ती दोघं बाहेर, मी त्या रंगवलेल्या खोलीत. शेजारी कोण राहतं हेसुद्धा त्याला माहीत नाही, मी विचारलं होतं. इथे निदान दातदुखीवाले येतात. पण पोटच्या पोराला तोंडावर नको कसं म्हणू? त्याचं मन मोडेल. म्हणून तुमचं नाव पुढे केलं. वन्संना एकटं कसं टाकू म्हटलं की तो पुढे बोलत नाही." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही माझी सबब होतात. रागावा हवं तर."

मी रागावणार? मला हसू फुटलं. इतकं की घाईमास्तर दारातून डोकावला. "वहिनी," मी म्हटलं, "मला डोंगरात जायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. मालकांना तसं सांगायची हिंमत नव्हती म्हणून तुमचं नाव सांगितलं. तुम्हीही माझी सबबच होतात."

त्या कट्ट्यावरून उतरल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हातातली अर्धी शाल माझ्या डोक्यावर आपटली.

"अगं वेडे! मग बोलायचं नाहीस का? मी दोन महिने झोपले नाही गं!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. नाक लाल झालं असणार, आरसा नव्हता.

घाईमास्तरला मी फैलावर घेतलं. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं!"

"ताई, देवाशपथ मी तोंड उघडलं नाही. या आल्या, म्हणाल्या, वन्संना सांगू नका. दहा दिवसांनी तुम्ही आलात, म्हणालात, वहिनींना सांगू नका. मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. मी फक्त वेळ एकच दिली. तेवढं तर मी सगळ्यांनाच करतो." मग कान खाजवत म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा. त्या मोठ्या जागेचा करार वाढवू ना मग?"

"वाढवा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"आणि ही खोली?"

जिन्यात पावलं वाजली. एक तरुण मुलगा नि मुलगी धापा टाकत वर आली. या माणसाने तिसरी पार्टीही बोलावून ठेवली होती! ती दोघं आम्हाला बघून दारातच थबकली. वहिनींनी सुई उचलली, लोकर पिशवीत भरली आणि जाता जाता त्या मुलीच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "खिडकी छान आहे गं. घाई करा."

१५ नोव्हेंबर, रविवार

रस्ता रिकामा, कबुतरं, पहारेकरी, आणि मला किती हलकं वाटतंय. कितीतरी दिवसांनी दोघींनी दुपारी ताणून दिली.

उठल्यावर वहिनींनी मुलाला फोन लावला. मी उठून जायला लागले तर खुणेने बसवलं. "बाळा, मी वर्षातून एकदा येईन, चांगली महिनाभर राहीन. पण कायमची नाही. नाही, वन्संमुळे नाही. मला इथे आवडतं म्हणून." त्याचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "आई, मग आधीच सांगायचं ना. मी खोलीला तीनदा रंग दिला." वहिनी हसल्या आणि मग फोन ठेवून थोडं रडल्या. मी चहा केला. या वेळी दादावरून वाद घालावा लागला नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

मालकांना खरं सांगितलं. शब्द शोधत गेले होते, पण आत गेल्यावर एकच वाक्य आलं, "वहिनींचं निमित्त होतं, मलाच जायचं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मग हे ऑगस्टमध्ये सांगितलं असतंत तर मी धाकट्या भावाला तेव्हाच विचारलं असतं. तो उड्या मारत जाईल." एवढंच! रागावले नाहीत, दुखावलेही नाहीत. आणि मी तीन महिने चोरासारखी वावरत होते.

निघताना मीच म्हटलं, "एक पितळी पाटी करायची आहे. घराची." त्यांनी पत्रा माझ्यापुढे सरकवला.

यावर मात्र घरी रीतसर भांडण झालं. मी म्हटलं, आधी वहिनींचं नाव, त्या मोठ्या. त्या म्हणाल्या, आधी वन्संचं, करारावर सही त्यांची. मी म्हटलं मग अबोला. त्या म्हणाल्या, धरा. शेवटी ताट वाढताना त्याच म्हणाल्या, "नुसतं आडनाव घाला. तुमचं माझं एकच तर आहे." आम्ही दोघी दादाचंच आडनाव लावतो, एक जन्मापासून आणि एक लग्नापासून. हे मला दुकानात सुचायला हवं होतं. पाट्यांचं काम मी करते, त्या नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पाटी लागली. दवाखान्याच्या बाणाच्या बरोबर वर. अक्षरं सारखी बसली आहेत, मी तीनदा लांबून बघितलं. वहिनींनी फडक्याने पुसली आणि दादाच्या खुर्चीत बसून बघत राहिल्या. पहिल्यांदाच बसल्या त्या खुर्चीत.

कामावर निघायच्या आधी मी आत चहा करत होते तेवढ्यात घंटा वाजली. वहिनींनी दार उघडलं. सुजलेल्या गालाचा एक माणूस असावा, कारण शब्द धड येत नव्हते.

"पाटी नवीन दिसतेय," तो म्हणाला. "डॉक्टर बदलले का?"

"नाही हो. दवाखाना खाली आहे. पण बसा आधी, घामाघूम झालात. पाणी आणते."

"मग हे नाव कुणाचं?"

"आमचं," वहिनी म्हणाल्या. "आम्ही इथे राहतो."

मी आत गॅसपाशी उभी होते. आणखी एक कप चहाचं आधण वाढवलं. दाढ दुखणाऱ्याला गरम चालतं की नाही, ते वहिनी विचारतीलच.